विश्लेषण : ठाण्याच्या तुरुंगातील एका कैद्यावरून न्यायालय आणि सरकार का भिडले? सर एडवर्ड वेस्ट यांची मुंबईतील कारकीर्द कशी होती?

ठाणे, कल्याण, डोंबिवलीतील कोणाला पोलिसांनी बेकायदा डांबले, तर त्याचे नातलग आज थेट मुंबई उच्च न्यायालयात धाव घेऊ शकतात. जवळपास दोनशे वर्षांपूर्वी याच प्रश्नावरून मुंबईचे न्यायमूर्ती आणि मुंबईचे गव्हर्नर समोरासमोर उभे ठाकले होते. ठाण्याच्या तुरुंगातील कैदी, पुण्यातील एक मुलगा आणि लंडनहून आलेला एक हट्टी वकील यांच्याभोवती घडलेल्या त्या संघर्षाविषयी…

प्रकरण नेमके काय होते?

१८२८ मध्ये मुंबईच्या सुप्रीम कोर्टाने दोन आदेश काढले. दोन्ही ‘हेबिअस कॉर्पस’चे म्हणजे बंदी प्रत्यक्षीकरणाचे होते. ज्याच्या ताब्यात माणूस आहे त्याने त्या माणसाला न्यायालयापुढे हजर करावे आणि कोणत्या कायद्याने ताब्यात ठेवले ते सांगावे, असा हा आदेश असतो. पहिला आदेश पुण्यातील पांडुरंग रामचंद्र या प्रतिष्ठित सरदाराला उद्देशून होता. मोरो रघुनाथ हा त्यांच्या घराण्यातील अल्पवयीन मुलगा त्यांच्या ताब्यात होता आणि त्याला अडकवून ठेवल्याची तक्रार न्यायालयात आली होती. दुसरा आदेश होता ठाण्याच्या तुरुंगाधिकाऱ्याला. बापू गणेश नावाचा कैदी कंपनी सरकारच्या न्यायालयाने दिलेल्या शिक्षेनुसार तेथे बंदिवासात होता. त्याला कोणत्या अधिकाराने ठेवले आहे, हे मुंबईच्या न्यायालयाला जाणून घ्यायचे होते.

आज असा आदेश निघाला तर त्याची बातमी आतल्या पानावर येईल. १८२८ मध्ये मात्र त्यावरून मुंबई इलाख्याचे सरकार हादरले. गव्हर्नरने न्यायालयाचे आदेश पाळले जाणार नाहीत असे न्यायमूर्तींना लेखी कळवले. एका न्यायमूर्तीने निषेध म्हणून न्यायालयच बंद केले. वाद लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. या संघर्षाची पायाभरणी ज्या माणसाने पाच वर्षे केली, ते मुंबईचे पहिले सरन्यायाधीश सर एडवर्ड वेस्ट तोवर हयात नव्हते.

कोण होते एडवर्ड वेस्ट?

वेस्ट यांचा जन्म १७८२ चा. हॅरो शाळा आणि ऑक्सफर्डचे युनिव्हर्सिटी कॉलेज येथे त्यांचे शिक्षण झाले आणि पुढे त्याच कॉलेजचे ते फेलो झाले. १८१४ मध्ये ते बॅरिस्टर झाले. मात्र आज जगभरच्या विद्यापीठांत त्यांचे नाव निघते ते अर्थशास्त्राच्या वर्गात. १८१५ मध्ये त्यांनी शेतजमिनीत गुंतवल्या जाणाऱ्या भांडवलावर एक छोटी पुस्तिका काढली. तिच्यावर नाव नव्हते, फक्त ‘युनिव्हर्सिटी कॉलेजचा एक फेलो’ एवढाच उल्लेख होता. भातखाचरात एकाऐवजी दोन माणसे राबली तर पीक वाढते. दोनाची चार आणि चाराची आठ केली, तर दर माणसामागे वाढणारे पीक मात्र कमी कमी होत जाते. यालाच घटत्या उत्पादनफलाचा नियम म्हणतात. खंडाचा सिद्धान्त मांडण्याचे श्रेय डेव्हिड रिकार्डो यांनी आपल्या गाजलेल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत माल्थस यांच्याबरोबर या अनामिक फेलोलाही दिले.

अर्थशास्त्राने नाव दिले तरी पोट वकिलीवरच होते. १८२२ मध्ये वेस्ट यांची मुंबईचे ‘रेकॉर्डर’ म्हणून नेमणूक झाली. रेकॉर्डर म्हणजे त्या वेळच्या मुंबई शहराच्या न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश. नाइटहूड मिळवून आणि नुकतेच लग्न करून ते १८२३ मध्ये पत्नी ल्युक्रेशिया यांच्यासह मुंबईत उतरले. लेडी वेस्ट रोजनिशी लिहीत. मुंबईच्या युरोपीय समाजातील मेजवान्या, रुसवेफुगवे आणि न्यायालयातील भांडणे यांची बरीचशी माहिती त्या नोंदींमुळेच पुढच्या पिढ्यांना मिळाली.

मुंबईत येताच वाद का झाले?

वेस्ट यांनी पहिला हात घातला तो न्यायालयाच्या फीमध्ये. लहान दाव्यांच्या न्यायालयात गरीब पक्षकारांकडून ठरल्यापेक्षा जास्त पैसे उकळले जातात, असे त्यांना हिशेब तपासताना आढळले. त्या न्यायालयाची जबाबदारी विल्यम अर्स्किन यांच्याकडे होती. अर्स्किन हे मोठे फारसी पंडित होते, बाबरनाम्याच्या इंग्रजी भाषांतरात त्यांचा मोलाचा वाटा होता आणि मुंबईच्या वरिष्ठ वर्तुळात त्यांना मान होता. वेस्ट यांनी त्यांना पदावरून दूर केले. पैसे अर्स्किन यांनी स्वतः खाल्ले की त्यांच्या हाताखालच्या कारकुनांनी, यावर पुढे बराच वाद झाला. मात्र आपल्या देखरेखीखाली चाललेल्या लुटीला अधिकारी जबाबदार असतो, ही वेस्ट यांची भूमिका होती.

मुंबईचे युरोपीय वर्तुळ तेव्हा इतके लहान होते की एकाशी भांडण म्हणजे सर्वांशी भांडण. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एलफिन्स्टन हे अर्स्किन यांचे स्नेही होते. ज्यांच्या नावाने मुंबईत कॉलेज उभे राहिले आणि ज्यांच्याविषयी मराठी इतिहासकारांनीही आदराने लिहिले, तेच हे एलफिन्स्टन. त्यांची आणि वेस्ट यांची कधीच पटली नाही. शहरातील बॅरिस्टरांनी वेस्ट यांच्याविरुद्ध तक्रारीचे निवेदन दिले. त्यावर स्वाक्षऱ्या करणाऱ्या बॅरिस्टरांना वेस्ट यांनी निलंबित केले. त्यानंतर मेजवान्यांच्या निमंत्रणांची रीघ आटली, हे सांगायला नकोच.

‘सुप्रीम कोर्टा’चा अधिकार कुठवर होता?

या वादाचे मूळ समजून घ्यायचे तर त्या काळचा न्यायव्यवस्थेचा नकाशा पाहावा लागतो. येथे ‘सुप्रीम कोर्ट’ म्हणजे आजचे दिल्लीतील सर्वोच्च न्यायालय नव्हे. इंग्लंडच्या राजाच्या सनदेने मुंबईत ८ मे १८२४ रोजी सुरू झालेले ते न्यायालय होते. वेस्ट त्याचे पहिले सरन्यायाधीश झाले. त्यांच्यासोबत राल्फ राइस आणि चार्ल्स चेंबर्स हे दोन न्यायमूर्ती होते. लायन गेटसमोरच्या, आज ‘ग्रेट वेस्टर्न’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या इमारतीत त्याचे कामकाज चाले.

हे न्यायालय कंपनीचे नव्हते, राजाचे होते. त्याचे न्यायमूर्ती इंग्लंडहून येत आणि तेथे इंग्लिश कायदा चाले. गव्हर्नर त्यांना काढू शकत नव्हता. मात्र त्याची हद्द मुंबई बेटापुरती होती. बेटाबाहेर इलाख्यातील युरोपीय ब्रिटिश प्रजाजन तेवढे त्याच्या कक्षेत येत.

शीव-माहीमची खाडी ओलांडून साष्टीत शिरले की दुसरी व्यवस्था सुरू होई. ठाणे हे उत्तर कोकण जिल्ह्याचे मुख्यालय होते आणि कल्याणही त्याच्याच अखत्यारीत होते. ठाण्याचा किल्ला आणि साष्टी इंग्रजांनी १७७४ मध्ये मराठ्यांकडून घेतली होती, तर बाकीचा बराच मुलूख पेशवाई बुडाल्यावर १८१८ मध्ये त्यांच्याकडे आला होता. येथे कंपनीच्या अदालती होत्या. त्यांचे न्यायाधीश कंपनीचेच नोकर असत. ते बदलीवर येत, बदलीवर जात आणि त्यांचे वरिष्ठ सरकारातच बसलेले असत. १८२७ मध्ये एलफिन्स्टन यांच्या काळात तयार झालेली नियमावली हा त्यांचा कायदा होता.

म्हणजे भायखळ्यात राहणाऱ्या माणसाला सरकारविरुद्ध दाद मागायला सरकारच्या हाताबाहेरचे न्यायालय होते. ठाण्यातील माणसाला ते नव्हते. या भागाला तेव्हापासून ‘मोफसल’ म्हटले जाई आणि वकिलांच्या तोंडी हा शब्द आजही आहे. आजही मुंबईतील मोठ्या रकमेचा दिवाणी दावा थेट उच्च न्यायालयात लागतो, पण मुलुंडचा नाका ओलांडला की दावा कितीही मोठा असो, तो आधी ठाणे किंवा कल्याणच्या न्यायालयातच दाखल करावा लागतो. या फरकाचे मूळ त्या जुन्या नकाशात आहे.

वृत्तपत्रे आणि फटक्यांच्या शिक्षेबाबत वेस्ट यांनी काय केले?

मुंबई शहरातील पोलीस न्यायदंडाधिकारी तेव्हा किरकोळ गुन्ह्यांसाठी लोकांना फटके मारत किंवा बेटाबाहेर हाकलून देत. ना रीतसर खटला, ना ज्युरी. यातील अनेक शिक्षांना कायद्याचा आधारच नाही, असे वेस्ट यांनी जाहीरपणे सांगितले. सरकारला ते झोंबले. पोलिसांचा वचक जाईल, असे अधिकाऱ्यांचे म्हणणे होते. आजही तडीपारीच्या आदेशांवर सुनावणी होते तेव्हा पोलिसांकडून बहुधा हाच युक्तिवाद ऐकू येतो. फरक इतकाच की आज तडीपारीसाठी कायद्यात नोटीस, म्हणणे मांडण्याची संधी आणि अपील आहे.

दुसरा प्रश्न वृत्तपत्रांचा. कलकत्त्यात १८२३ मध्ये छापखान्यांना परवाना सक्तीचा करणारा नियम आला आणि तेथील सुप्रीम कोर्टाने तो नोंदवून घेतला. अशा नियमाला शहरात कायद्याचे बळ मिळण्यासाठी न्यायालयातील नोंदणी आवश्यक असे. मुंबई सरकारनेही तसाच नियम करून न्यायालयाकडे पाठवला. १८२६ मध्ये मुंबईच्या सुप्रीम कोर्टाने तो नोंदवण्यास नकार दिला. त्यामुळे बेटावर परवान्याची सक्ती लागू होऊ शकली नाही. बेटाबाहेर मात्र न्यायालयाला विचारण्याची गरज नव्हती. तेथे १८२७ च्या नियमाने छापखान्यांवर निर्बंध आले आणि ते १८३५ मध्ये मेटकाफ यांच्या कायद्याने उठले. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ १८३२ मध्ये मुंबईत निघाले, तो या दोन तारखांच्या मधला काळ आहे.

मात्र वेस्ट यांना वृत्तपत्र स्वातंत्र्याचे पुरस्कर्ते ठरवण्याची घाई करू नये. १८२४ मध्ये ‘बॉम्बे गॅझेट’चे संपादक फेअर यांना मुंबईतून हद्दपार करण्यात आले. न्यायालयातील कामकाजाचे विपर्यस्त वृत्त छापल्याची तक्रार न्यायमूर्तींचीच होती. हद्दपारीचा आदेश एलफिन्स्टन यांनी काढला. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे न्यायालय आणि सरकार या एका प्रकरणात एकत्र आले होते.

ठाण्याच्या आदेशाने सरकार का चिडले?

१८२७ अखेर सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर झाले. पेशवाईच्या शेवटच्या युद्धात ते स्वतः सेनापती होते आणि दुसरे बाजीराव त्यांनाच शरण आले होते. पेशवाई बुडून दहाच वर्षे झाली होती. दख्खनमधील सरदारांना मानाने वागवायचे, त्यांना सामान्य न्यायालयांच्या खेपा घालायला लावायच्या नाहीत, हे कंपनीचे धोरण होते. अशा वेळी मुंबईच्या न्यायालयाने पुण्याच्या एका सरदाराला हुकूम पाठवून ‘मुलाला घेऊन हजर व्हा’ म्हणावे, हे माल्कम यांना राज्यच धोक्यात आणणारे वाटले.

ठाण्याचा आदेश त्याहून गंभीर होता. पुण्याचे प्रकरण दोन कुटुंबांतले होते. ठाण्यात मात्र सरकारी तुरुंग आणि सरकारी न्यायालयाची शिक्षा होती. ठाण्याच्या तुरुंगाधिकाऱ्याने मुंबईच्या न्यायालयाला उत्तर द्यायचे ठरले, तर उद्या इलाख्यातील प्रत्येक कैदी तोच मार्ग धरेल, अशी सरकारला भीती होती. शिवाय तुरुंगाधिकाऱ्याने दिलेल्या उत्तरात शिक्षा देणाऱ्या न्यायालयाला तो अधिकार होता हे सविस्तर दाखवायला हवे की नको, हाही प्रश्न उभा राहिला. तसे दाखवायचे म्हणजे कंपनीच्या प्रत्येक अदालतीने आपला अधिकार राजाच्या न्यायालयापुढे सिद्ध करत बसायचे.

न्यायमूर्तींचे म्हणणे सरळ होते. सनदेने आम्हाला इंग्लंडच्या किंग्ज बेंच न्यायालयासारखे अधिकार दिले आहेत. राजाच्या राज्यात कोणी बेकायदा बंदिवासात असेल, तर राजाचे न्यायालय विचारणारच. तो माणूस बेटावर आहे की बेटाबाहेर, इंग्रज आहे की हिंदू, याने फरक पडत नाही.

सरकारच्या बाजूने काहीच तथ्य नव्हते असेही नाही. इंग्लिश कायदा, इंग्लिश भाषा आणि बॅरिस्टरांची फी हे सारे ठाण्या-पुण्याच्या माणसाला परके आणि महाग होते. घरगुती भांडणात एका बाजूने मुंबईचा वकील गाठून दुसऱ्या बाजूला जेरीस आणण्याचा धोकाही खरा होता.

न्यायालय विरुद्ध गव्हर्नर : पुढे काय झाले?

१८ ऑगस्ट १८२८ रोजी वेस्ट यांचे पुण्यात निधन झाले. वय अवघे ४६. न्यायालयात चेंबर्स आणि त्याच वर्षी आलेले सर जॉन पीटर ग्रँट हे दोघेच उरले. ३ ऑक्टोबरला माल्कम यांनी न्यायमूर्तींना पत्र लिहिले. मुंबई बेटाबाहेरील अशा आदेशांचे पालन होऊ दिले जाणार नाही, लंडनहून निर्णय येईपर्यंत असे आदेश काढू नका, असा त्याचा आशय होता. न्यायमूर्तींनी हे पत्र भर न्यायालयात धुडकावले. सरकारने न्यायमूर्तींना खासगीत पत्र लिहून त्यांचा निकाल वळवू पाहणे हाच न्यायालयाचा अवमान आहे, अशी त्यांची भूमिका होती. त्यानंतर काही दिवसांतच चेंबर्स यांचाही मृत्यू झाला. ग्रँट एकटे पडले.

पुण्यात न्यायालयाचा आदेश बजावला जाऊ नये म्हणून माल्कम यांनी लष्कराचा वापर केला. असा प्रसंग यापूर्वी एकदा कलकत्त्यात घडला होता. १७७९-८० मध्ये काशीजोड्याच्या जमीनदाराच्या प्रकरणात गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलने सुप्रीम कोर्टाच्या माणसांना सैन्य पाठवून अडवले होते आणि १७८१ मध्ये ब्रिटिश संसदेने त्या न्यायालयाचेच अधिकार कापले होते. तो इतिहास माहीत असूनही ग्रँट मागे हटले नाहीत. १ एप्रिल १८२९ रोजी त्यांनी न्यायालयाचे कामकाज बंद केले. आदेश पाळले जाणार नसतील तर न्यायालय चालवण्यात अर्थ नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

लंडनमध्ये कंपनीच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष लॉर्ड एलेनबरो यांनी माल्कम यांना पाठवलेले एक खासगी पत्र याच सुमारास फुटले आणि छापून आले. मुंबईत दोन नवे न्यायमूर्ती पाठवत आहोत, त्यांच्यामध्ये ग्रँट म्हणजे दोन माणसाळलेल्या हत्तींमध्ये चालवलेला रानटी हत्ती ठरतील, असे त्यात म्हटले होते. सरकारला कसे न्यायमूर्ती हवे असतात, हे इतक्या उघडपणे क्वचितच कागदावर येते. पाठवलेल्या दोघांपैकी सरन्यायाधीश झालेले जेम्स ड्यूअर हे आधी मुंबई सरकारचेच ॲडव्होकेट जनरल होते.

प्रिव्ही कौन्सिलने काय निकाल दिला?

मे १८२९ मध्ये निकाल आला आणि तो न्यायमूर्तींच्या विरोधात होता. मुंबईचे सुप्रीम कोर्ट आपल्या स्थानिक हद्दीतील व्यक्तीला किंवा हद्दीबाहेरील पण त्याच्या अधिकारकक्षेत येणाऱ्या व्यक्तीलाच हेबिअस कॉर्पसचा आदेश देऊ शकते, असे प्रिव्ही कौन्सिलने ठरवले. पुण्याचे पांडुरंग रामचंद्र या कक्षेत बसत नव्हते. कंपनीच्या न्यायालयाच्या तुरुंगाधिकाऱ्याला असा आदेश देण्याचा अधिकार नाही, हे ठाण्याच्या प्रकरणाचे उत्तर होते. अशा न्यायालयाचा अधिकार तुरुंगाधिकाऱ्याने सविस्तर मांडण्याची गरज नाही, सुप्रीम कोर्टाने तो गृहीत धरला पाहिजे, असेही सांगण्यात आले.

थोडक्यात, शीवच्या खाडीपलीकडे राजाचे न्यायालय विचारणा करू शकणार नाही. ठाण्याच्या तुरुंगातील माणसाने कंपनीविरुद्ध दाद मागायची ती कंपनीच्याच वरिष्ठ अदालतीकडे. ग्रँट यांनी पुढे मुंबई सोडली आणि काही वर्षांनी ते कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती झाले.

वेस्ट न्यायाचे कैवारी होते की केवळ हट्टी?

दोन्ही उत्तरे आजवर दिली गेली आहेत. एलफिन्स्टन आणि माल्कम यांच्या चरित्रकारांना वेस्ट संशयी, मानी आणि कोणाशी जुळवून न घेणारे वाटले. वेस्ट यांच्या बाजूने लिहिणाऱ्यांना ते लाचखाऊ कारभारात एकटे पडलेले स्वच्छ अधिकारी वाटले. मुंबईतील भारतीय रहिवाशांचे मत मात्र नोंदले गेले आहे. वेस्ट यांच्या स्मरणार्थ निधी उभा राहिला आणि त्यातून विद्यार्थ्यांना ‘वेस्ट’ शिष्यवृत्ती दिली जाऊ लागली. साहेबांच्या मेजवान्यांत ज्यांना जागा उरली नव्हती, त्यांच्यासाठी शहरातील ‘नेटिव्हां’नी पैसे काढले होते.

तरीही एक गोष्ट विसरता येत नाही. वेस्ट यांच्यासाठी हा भारतीयांच्या स्वातंत्र्याचा लढा नव्हता. राजाचे न्यायालय मोठे की व्यापारी कंपनी, हा त्यांचा प्रश्न होता. ठाण्याच्या कैद्याच्या हक्काची कल्पना त्यातून निघाली, पण तिच्यामागे परक्या राजाचा अधिकार होता. म्हणून तीच कल्पना त्या राजाच्या लंडनमधील न्यायपीठाने एका निकालात काढूनही घेतली. एखाद्या प्रामाणिक न्यायमूर्तीच्या धाडसावर उभा असलेला हक्क तो न्यायमूर्ती गेल्यावर टिकतोच असे नाही, हा या कारकिर्दीचा धडा आहे.

मग ठाणेकरांना हा हक्क कधी मिळाला?

त्यासाठी बराच काळ जावा लागला. १८६२ मध्ये सुप्रीम कोर्ट आणि कंपनीच्या वरिष्ठ अदालती एकत्र करून मुंबई उच्च न्यायालय स्थापन झाले. ठाण्याची अपिले आता एकाच न्यायालयात जाऊ लागली. हेबिअस कॉर्पसचा प्रश्न मात्र सुटला नाही. १८१८ च्या बंगालच्या एका नियमाखाली विनाचौकशी डांबलेल्या अमीर खान या व्यापाऱ्यासाठी १८७० मध्ये मुंबईचे बॅरिस्टर चिझम ॲन्स्टी कलकत्त्याला जाऊन लढले. त्यांचा जोरदार युक्तिवाद गाजला, पण अर्ज फेटाळला गेला. मुंबई इलाख्यातही तसाच १८२७ चा नियम होता. रँड यांच्या हत्येनंतर १८९७ मध्ये पुण्याच्या नातू बंधूंना याच नियमाखाली खटला न चालवता अटकेत ठेवण्यात आले.

१८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम ४९१ ने हेबिअस कॉर्पसच्या धर्तीवर आदेश देण्याचा अधिकार उच्च न्यायालयाला दिला, पण तो मुंबई शहराच्या हद्दीपुरता. युरोपीय ब्रिटिश प्रजाजनांसाठी मात्र वेगळी तरतूद होती. त्यांना शहराबाहेरूनही उच्च न्यायालयात जाता येई. म्हणजे ठाण्यात एखाद्या इंग्रजाला बेकायदा अटक झाली तर त्याला मुंबईचे दार उघडे होते, शेजारच्या कोठडीतील ठाणेकराला ते बंद होते. हा फरक १९२३ च्या दुरुस्तीने गेला आणि उच्च न्यायालयाचा अधिकार मोफसललाही लागू झाला. प्रिव्ही कौन्सिलच्या निकालानंतर ९४ वर्षांनी.

२६ जानेवारी १९५० रोजी संविधान लागू झाले आणि अनुच्छेद २२६ नुसार हा अधिकार संविधानाचाच भाग झाला. तरी परीक्षा संपली नव्हती. आणीबाणीत २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने निकाल दिला, की आणीबाणीतील राष्ट्रपतींच्या आदेशामुळे स्थानबद्ध व्यक्तीला हेबिअस कॉर्पससाठी न्यायालयात जाता येणार नाही. न्या. हंसराज खन्ना यांनी विरोधी मत दिले आणि पुढे सरन्यायाधीशपदासाठी त्यांना डावलले गेले. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने जीविताचा आणि व्यक्तिगत स्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही निलंबित करता येणार नाही, अशी तरतूद झाली. २०१७ च्या खासगीपणाच्या हक्कावरील निकालात सर्वोच्च न्यायालयाने १९७६ चा तो निकाल रद्दबातल ठरवला.

आज ठाणे-कल्याणच्या नागरिकाला याचा उपयोग काय?

१८२८ च्या दोन आदेशांत जे दोन प्रकार होते, तेच आजही उच्च न्यायालयापुढे सर्वाधिक दिसतात. पहिला मोरो रघुनाथच्या धर्तीचा. पती-पत्नीच्या वादात एकाने मुलाला नेले, सज्ञान मुलीने स्वतःच्या मर्जीने लग्न केले म्हणून घरच्यांनी तिला कोंडले, अशा प्रकरणांत खासगी व्यक्तीविरुद्धही ही याचिका करता येते. मुलाच्या बाबतीत न्यायालय त्याचे हित पाहते, तर सज्ञान व्यक्तीला तिची इच्छा विचारते.

दुसरा बापू गणेशच्या धर्तीचा, म्हणजे सरकारच्या ताब्यातील माणसाचा. अटक झालेल्या व्यक्तीला प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे हजर करावेच लागते. तसे न केल्यास नातलगांना उच्च न्यायालयात जाता येते. मात्र न्यायालयाने रीतसर कोठडी किंवा शिक्षा दिली असेल, तर सहसा जामीन किंवा अपील हाच मार्ग असतो. या बाबतीत १८२९ च्या निकालातील विचाराचा काही अंश अजून शिल्लक आहे.

प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेच्या प्रकरणांत या याचिकेचे महत्त्व सर्वाधिक आहे. महाराष्ट्रात १९८१ च्या ‘एमपीडीए’ कायद्याखाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी एखाद्याला खटल्याशिवाय जास्तीत जास्त १२ महिने स्थानबद्ध करू शकतात. ठाणे, कल्याण, डोंबिवली, भिवंडी, उल्हासनगर हा पट्टा ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येतो. असा आदेश निघाल्यास स्थानबद्ध व्यक्तीला त्याची कारणे त्याला समजणाऱ्या भाषेत मिळाली पाहिजेत, सरकारकडे निवेदन करण्याची संधी मिळाली पाहिजे आणि प्रकरण सल्लागार मंडळापुढे गेले पाहिजे. यातील एखादी पायरी चुकली, विनाकारण विलंब झाला किंवा कागदपत्रे दिली नाहीत, तर उच्च न्यायालय आदेश रद्द करू शकते आणि करतेही.

याचिका करण्यासाठी स्थानबद्ध व्यक्तीने स्वतः यावे लागत नाही. पत्नी, आई-वडील, मित्र असे कोणीही तिच्या वतीने अर्ज करू शकतात. वकिलाची फी परवडत नसेल, तर विधी सेवा प्राधिकरणामार्फत मोफत वकील मिळतो. ठाणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा उच्च न्यायालयाच्या विधी सेवा समितीकडे त्यासाठी अर्ज करता येतो. महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता ही मदत मिळू शकते.

ठाण्याचा मध्यवर्ती तुरुंग आजही जुन्या किल्ल्यातच आहे. कल्याणच्या आधारवाडीतही तुरुंग आहे. या दोन्ही ठिकाणच्या तुरुंगाधिकाऱ्यांना मुंबई उच्च न्यायालयाने ‘या माणसाला कोणत्या अधिकाराने ठेवले आहे?’ असे विचारले, तर त्यांना उत्तर द्यावेच लागते. १८२८ मध्ये हाच प्रश्न ठाण्याला विचारला गेला, तेव्हा असे आदेश पाळले जाणार नाहीत असे गव्हर्नरने कळवले होते.